अमेरिकी यादवी युद्धाची पुस्तके: काय घ्यावे, काय राहू द्यावे

अमेरिकेतल्या यादवी युद्धावर काही वाचावे असे ज्याला वाटते, त्याच्यापुढे पुस्तके मिळण्याची अडचण नसते, निवडण्याची असते. १२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलायनातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्स येथे, गुलामी राखण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती जनरल ली उत्तरेला शरण आला. या चार वर्षांवर इंग्रजीत सेनापतींची चरित्रे, पलटणींचे इतिहास, पत्रसंग्रह, कादंबऱ्या आणि एकेका दिवसाच्या लढाईवरचे जाडजूड ग्रंथ असे अमाप लेखन झाले आहे. त्यातले पुष्कळसे तिथल्या हौशी वाचकासाठी लिहिलेले असते आणि कोणत्या टेकडीवर कोणती पलटण उभी होती हे त्याला आधीच पाठ असते. मराठी वाचकाला त्या टेकड्यांशी फारसे देणेघेणे नाही. हे युद्ध का झाले, कसे झाले आणि कोणासाठी झाले हे समजावून देणारी आणि वाचताना हातातून सुटू नयेत अशी थोडी पुस्तके त्याला हवी असतात. पुढचे परीक्षण त्या बेताने केले आहे.

कसोटी एकच ठेवली आहे. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या ३ कोटी १४ लाखांच्या घरात होती आणि तीत जवळपास ४० लाख माणसे गुलाम होती. पुस्तक कितीही देखणे असो, ही ४० लाख माणसे त्यात कुठे उभी आहेत, हा माझा प्रश्न आहे. ही कसोटी आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. त्या वेळी युद्ध संपून अवघी आठ वर्षे झाली होती, आणि हे युद्ध कशावरून पेटले याविषयी पुण्यातल्या फुल्यांच्या मनात काडीचाही संदेह नव्हता. खुद्द अमेरिकेत मात्र त्यानंतर कित्येक दशके भलेभले लेखक सांगत राहिले की युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, जकातीपायी झाले, किंवा दोन शूर भावांच्या दुर्दैवी गैरसमजातून झाले.

एकच पुस्तक घ्यायचे असेल तर जेम्स मॅक्फर्सन यांचे ‘बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’ घ्यावे. ऑक्सफर्डच्या अमेरिकी इतिहासमालेत ते १९८८ साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला इतिहासासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. सगळे युद्ध एका खंडात मांडणारे याहून चांगले पुस्तक माझ्या वाचनात नाही. नऊशेच्या आसपास पाने पाहून कोणीही बिचकेल. त्यातही अडीचशे पाने मागे पडली तरी युद्धाला तोंड फुटत नाही. घाईच्या वाचकाला इथे उगाच ताटकळत ठेवल्यासारखे वाटेल, पण माझ्या मते पुस्तकाची खरी कमाई याच पानांत आहे. मेक्सिकोकडून जिंकून घेतलेल्या मुलखात गुलामी चालू द्यायची की नाही, या वादापासून मॅक्फर्सन सुरुवात करतात. पुढे १८५० चा फरारी गुलामांचा कायदा, कॅन्ससमधली रक्तपाताची वर्षे, कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असे सांगणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल आणि १८५९ मधला जॉन ब्राउनचा फसलेला उठाव असे टप्पे घेत ते लिंकनच्या निवडणुकीपर्यंत येतात. तोवर वाचकाला कोणी निराळे पटवून द्यावे लागत नाही. युद्धाचे कारण त्याच्या नजरेसमोर हळूहळू तयार झालेले असते.

त्यातला एक प्रसंग नमुन्यादाखल पाहण्यासारखा आहे. अँथनी बर्न्स नावाचा गुलाम व्हर्जिनियातून निसटून बॉस्टनला पोचला आणि १८५४ च्या मे महिन्यात त्याच्या मालकाने त्याला तिथे पकडवले. कायद्याने त्याला परत धाडणे भाग होते. त्याला सोडवण्यासाठी जमाव कोर्टावर चालून गेला आणि त्या झटापटीत एक पहारेकरी ठार झाला. अखेर या एका माणसाला बंदरावरच्या जहाजापर्यंत नेण्यासाठी सरकारला फौज आणि तोफ रस्त्यावर आणावी लागली, आणि दुतर्फा घरांवर काळी कापडे टांगून शहराने ती मिरवणूक पाहिली. आदल्या दिवसापर्यंत दक्षिणेशी जमवून घ्यावे म्हणणारे बॉस्टनचे धनिक व्यापारी दुसऱ्या दिवशी गुलामीचे कट्टर वैरी होऊन उठले, हे मॅक्फर्सन त्यांच्यापैकी एकाच्या पत्रातूनच दाखवतात. राज्यांच्या हक्कांचा युक्तिवाद इथे उघडा पडतो, कारण फरारी गुलाम परत आणायची वेळ आली की उत्तरेकडच्या राज्यांचे हक्क धाब्यावर बसवणारे बळकट केंद्र सरकार दक्षिणेला चालत होते.

युद्ध सुरू झाल्यावरही मॅक्फर्सन यांचा तोल सुटत नाही. दक्षिणेचा पराभव पहिल्यापासून अटळ होता, कारण कारखाने, रेल्वे आणि माणसे उत्तरेकडे जास्त होती, हे सोपे स्पष्टीकरण त्यांना मान्य नाही. चार-पाच वेळा पारडे कोणत्याही बाजूला झुकू शकले असते असे ते म्हणतात आणि तसे दाखवूनही देतात. सप्टेंबर १८६२ मध्ये लीच्या संपूर्ण मोहिमेचा गुप्त हुकूम मेरीलँडमधल्या एका मैदानात तीन चिरुटांभोवती गुंडाळलेला उत्तरेच्या शिपायांना सापडला. त्यातून १७ सप्टेंबरची अँटिएटमची लढाई झाली आणि एका दिवसात सुमारे २३ हजार माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. ली मागे हटला; लिंकनने ती संधी साधून पाचच दिवसांनी गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि ब्रिटन-फ्रान्सने दक्षिणेला मान्यता देण्याचा विचार त्यानंतर मागे पडला. इतक्या मोठ्या घटनांची साखळी चिरुटाच्या कागदापासून सुरू होते हे वाचताना अंगावर काटा येतो. त्यासाठी भाषा मात्र लेखकाने कुठेही फुगवलेली नाही.

गुलामांना या पुस्तकात हातपाय आहेत, ही माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. युद्धाला जेमतेम सहा आठवडे होतात न होतात तोच, मे १८६१ मध्ये, तीन गुलाम पळून व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यावर उत्तरेच्या सेनापतीकडे आले. त्याने त्यांना शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केल्याचे सांगत परत द्यायला नकार दिला, आणि मग शेकड्यांनी, पुढे हजारोंनी माणसे छावण्यांकडे चालू लागली. वॉशिंग्टनचे धोरण त्यांच्या मागून ठरत गेले. हे सूत्र डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ सालीच ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’मध्ये मांडले होते. मळ्यांवरचे काम टाकून निघालेल्या गुलामांच्या या हालचालीला त्यांनी सार्वत्रिक संप म्हटले होते, पण त्या काळच्या विद्यापीठांनी त्या ग्रंथाकडे पाठ फिरवली. मॅक्फर्सन यांच्या पुस्तकाची उणीव एवढीच की ते १८६५ पाशी आटोपते. युद्धानंतर मुक्त झालेल्यांना मताचा हक्क कसा मिळाला आणि कसा हिरावला गेला, यासाठी एरिक फोनर यांचे १९८८ मध्येच आलेले ‘रिकन्स्ट्रक्शन’ वेगळे वाचावे लागते.

शेल्बी फूट यांचे ‘द सिव्हिल वॉर: अ नॅरेटिव्ह’ हे त्रिखंडी काम याच्या अगदी उलट प्रकृतीचे आहे. १९५८, १९६३ आणि १९७४ साली त्याचे खंड आले आणि मिळून ते तीन हजार पानांच्या आसपास जाते. मिसिसिपीचा हा कादंबरीकार टाकाने, शाईत बुडवून बुडवून, वीस वर्षे लिहीत होता, आणि ती संथ लय वाक्यावाक्यांत उतरली आहे. व्हिक्सबर्गचा वेढा वाचताना मिसिसिपीचा चिखल बुटांना चिकटल्यासारखा वाटतो. सेनापतीचे दुखणे, हवामान, रसद, आदल्या रात्रीची अफवा, सगळे योग्य जागी येते. पूर्वेकडच्या लढायांनाच सर्वस्व मानण्याची खोड त्यांना नाही, हा मोठा गुण. तरीही हे पुस्तक मी पहिले म्हणून कोणाच्या हाती देणार नाही. तळटिपा नाहीत, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची तक्रार झाली. माझी तक्रार निराळी आहे. तीन हजार पानांत कृष्णवर्णीय माणूस नाव-गाव-मन घेऊन भेटतो असे क्षण फारच थोडे आहेत, आणि नेथन बेडफर्ड फॉरेस्ट या घोडदळाच्या सेनापतीवर लेखकाचा जीव जडला आहे. हा फॉरेस्ट युद्धाआधी मेम्फिसमध्ये गुलामांचा व्यापार करी. एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो येथे त्याच्या सैन्याने कृष्णवर्णीय शिपायांची कत्तल केली, आणि युद्धानंतर तो कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीचा पहिला म्होरक्या झाला. १९९० च्या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत फूट यांनी या युद्धातले दोन अस्सल प्रतिभावंत म्हणून लिंकनच्या जोडीला फॉरेस्टचे नाव घेतले होते. गद्याचा आनंद घ्यायचा तर दुसरा खंड घ्यावा, गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग दोन्ही त्यातच आहेत; पण डोळे उघडे ठेवून.

कादंबऱ्यांमध्ये मायकेल शारा यांची ‘द किलर एंजल्स’ ही सर्वांत आटोपशीर आणि सर्वांत प्रभावी युद्धकथा आहे. अनेक प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी १९७४ मध्ये निघाली आणि १९७५ मध्ये तिला पुलित्झर मिळाले. १ ते ३ जुलै १८६३ हे गेटिसबर्गचे तीन दिवस आणि त्यांच्या आधीचा थोडासा वेळ एवढाच तिचा काळ. प्रकरणे आलटून पालटून वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या मनातून सांगितली आहेत. समोरच्या टेकडीवर सरळ हल्ला चढवू नये असे ली याला परोपरीने सांगणारा त्याच्या हाताखालचा सेनापती लाँगस्ट्रीट आणि अखेर तोच हुकूम पुढे द्यावा लागणारा लाँगस्ट्रीट या दोघांतले अंतर शारा यांनी फार संयमाने भरले आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या हाताखालचा पिकेट त्याच्याकडे हल्ल्याची परवानगी मागतो तेव्हा लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो फक्त मान हलवतो. हे इतिहासातही असेच घडले होते, आणि कादंबरीकाराने त्यात भर घालण्याचा मोह टाळला आहे.

दुसऱ्या बाजूला मेन राज्याच्या विसाव्या पलटणीचा जोशुआ चेंबरलेन आहे. तो बोडन कॉलेजात वक्तृत्वशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. २ जुलैला डाव्या टोकावरची छोटी टेकडी राखताना काडतुसे संपतात आणि तो संगिनी चढवून उतारावरून खाली धावण्याचा हुकूम देतो, हा भाग कोणालाही खिळवून ठेवेल. मला मात्र त्याहून लहान एक प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. त्याच्या शिपायांना एक जखमी फरारी गुलाम सापडतो. मुक्तीसाठी लढायला निघालेला हा सुशिक्षित माणूस त्याच्याकडे पाहतो आणि त्याला क्षणभर शिसारी येते. मग त्या शिसारीचीच त्याला लाज वाटते. उत्तरेकडचा भला माणूस आतून किती स्वच्छ होता याचा असा प्रामाणिक हिशेब इतर युद्धकादंबऱ्यांत क्वचितच सापडेल. तरीही तो जखमी माणूस फारसे बोलत नाही, पुढे जात नाही, कथेतून निघून जातो. लीच्या फौजेने त्या मोहिमेत पेनसिल्व्हेनियातल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना, त्यांतल्या जन्मतः मुक्त असलेल्यांनाही, पकडून दक्षिणेत गुलामीत धाडले होते. त्या वस्तुस्थितीपासून कादंबरीची नजर दूर राहते, आणि ली एखाद्या थकलेल्या ऋषीसारखा दिसत राहतो.

‘गॉन विथ द विंड’विषयी लिहिणे टाळता येत नाही, कारण पुष्कळ मराठी वाचकांची या युद्धाशी ओळख तिच्यातून, किंवा १९३९ च्या चित्रपटातून, झालेली असते. मार्गारेट मिचेल यांची ही हजार पानांची कादंबरी १९३६ साली आली आणि १९३७ मध्ये तिला पुलित्झर मिळाले. कारागिरी म्हणून ती पहिल्या प्रतीची आहे, हे नाकारणे दांभिकपणाचे होईल. नाकेबंदीमुळे अटलांटात वाढत गेलेली महागाई, उत्साहाने भरलेली आणि मग गँगरीनच्या वासाने कोंदलेली इस्पितळे, १८६४ च्या सप्टेंबरात शहर पडत असताना प्रसूतीच्या वेणा देणारी मेलनी आणि वैद्याच्या शोधात जखमींच्या रांगांतून वाट काढणारी नायिका स्कार्लेट, ही पाने विसरता येत नाहीत. हरणाऱ्या बाजूच्या घरात युद्ध कसे शिरते हे एवढ्या बारकाईने सांगणारी कादंबरी दुर्मिळच. पण या घराच्या स्वयंपाकघरात, शेतात आणि अंगणात राबणारी माणसे लेखिकेला एक तर लाडकी, निष्ठावंत लेकरे म्हणून दिसतात किंवा मोकाट सुटलेला धोका म्हणून. मुक्तीची बातमी आली म्हणून कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, असे तिथे घडत नाही. युद्धानंतरच्या भागात मुखवटे घालून रात्री निघणारी क्लॅनची टोळी चक्क अब्रूदार पुरुषांचे कर्तव्य म्हणून रंगवली आहे. वाचायची तर जरूर वाचा, पण लगोलग तिच्याशेजारी दुसरी कादंबरी ठेवा.

ती दुसरी कादंबरी म्हणजे मार्गारेट वॉकर यांची ‘ज्युबिली’, १९६६ ची. तिचे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही, ही खेदाची बाब आहे. वॉकर यांच्या आजीने त्यांना स्वतःच्या आईच्या कहाण्या सांगितल्या होत्या. त्या कहाण्यांचा माग लेखिकेने कित्येक वर्षे कागदपत्रांतून काढला आणि आयोवा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी ही कादंबरी पूर्ण केली. मिचेल यांच्या कादंबरीइतकीच ही जॉर्जियाची गोष्ट आहे. काळही तोच, तशीच मोठी कोठी, तसाच मळा. नजर मात्र स्वयंपाकघरातून बाहेर पाहणारी. नायिका व्हायरी ही मळेवाल्या मालकाची एका गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी आहे. मालकाच्या लग्नाच्या मुलीशी तिचा चेहरा इतका मिळतो की परक्याला त्या जुळ्या बहिणी वाटाव्यात, आणि त्याचीच शिक्षा मालकीणबाई तिला लहानपणापासून देत असतात. एक बहीण पियानो शिकते, दुसरी चुलीपुढे वाढते.

व्हायरीच्या पळून जाण्याचा भाग मला या सगळ्या पुस्तकांतला सर्वांत ताकदीचा वाटला. तिचा नवरा मुक्त लोहार आहे. एकटी ये, मुलांना नंतर सोडवू, असे त्याचे म्हणणे असते. ते तिच्याने होत नाही. पावसातल्या चिखलात एक मूल कडेवर आणि दुसरे हाताशी धरून ती निघते, चाल मंदावते, आणि ती पकडली जाते. पुढे चाबकाचे फटके. लेखिका इथे आक्रोश करत नाही. कोणत्या पालेभाज्या रानातून खुडायच्या, डुकराचे मांस कसे खारवून ठेवायचे, कोणती मुळी कोणत्या दुखण्यावर उगाळायची, याची माहिती ती ज्या निगुतीने देते त्याच निगुतीने ती फटक्यांचीही नोंद करते. गेटिसबर्ग इथे दूरवरची अफवा असते. युद्ध कळते ते कोठीतली जेवणावळ हळूहळू ओसरते, मालकाच्या घरातली माणसे एकामागून एक दगावतात, आणि एके दिवशी निळ्या गणवेशातले शिपाई अंगणात उभे राहून जाहीरनामा वाचतात, तेव्हा. रचनेत दोष आहेत. शेवटचा तिसरा भाग लांबला आहे आणि काही संवाद व्याख्यानाच्या अंगाने जातात. पण मिचेल यांच्या हजार पानांना उत्तर द्यायला ही पाचशेच्या आत-बाहेरची पाने पुरेशी आहेत.

स्टीफन क्रेनची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ (१८९५) आणि चार्ल्स फ्रेझियर यांची ‘कोल्ड माउंटन’ (१९९७) या दोन्ही नावाजलेल्या कादंबऱ्यांना मी थोडक्यात निकालात काढतो. क्रेन युद्धानंतर जन्मला होता, तरी भेदरलेल्या नवशिक्या शिपायाचे मन त्याने असे पकडले की प्रत्यक्ष लढलेल्यांनाही आश्चर्य वाटले. युद्ध कशासाठी चालले आहे हे मात्र त्या पुस्तकात कोणी विचारतच नाही. फ्रेझियर यांचा सैन्यातून पळालेला इनमन घराकडे चालत राहतो आणि निसर्गवर्णने वाचकाला वरचेवर थांबवतात. संथ वाचन आवडणाऱ्यालाच ती रुचेल.

आत्मवृत्तांत युलिसिस ग्रँट याचे ‘पर्सनल मेम्वार्स’ अव्वल आहे, आणि त्याच्या लेखनाची हकिकतही पुस्तकाइतकीच विलक्षण आहे. दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेला हा उत्तरेचा सेनापती १८८४ मध्ये भागीदाराच्या लबाडीने कफल्लक झाला, त्याच वर्षी घशाचा कर्करोग निघाला, आणि कुटुंबाची सोय लावण्यासाठी तो मरणाशी शर्यत लावून लिहीत बसला. हस्तलिखित हातावेगळे करून काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, तो गेला. मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने ते दोन खंडांत काढले आणि विधवेला साडेचार लाख डॉलरांच्या आसपास रक्कम मिळाली. ग्रँटचे गद्य लष्करी हुकुमासारखे आहे: एकदा वाचले की दुसरा अर्थ निघत नाही. शरणागतीच्या आदल्या रात्री डोके ठणकत होते, लीची चिठ्ठी हाती पडताच ते थांबले, हे तो तितक्याच सपाटपणे सांगतो. नव्याकोऱ्या गणवेशात, देखणी तलवार लावून आलेल्या लीपुढे आपण साध्या शिपायाच्या मळक्या कोटात उभे होतो याचा त्याला जरासा संकोच वाटतो. जुन्या पलटणीतल्या गप्पा रंगतात आणि आपण कशासाठी जमलो आहोत याची आठवण लीला करून द्यावी लागते. शत्रूच्या पराभवाचा आनंद झाला नाही असे ग्रँट लिहितो, आणि त्याच दमात हेही की इतक्या वाईट ध्येयासाठी माणसे क्वचितच लढली असतील. समारोपात तर युद्धाचे कारण गुलामी होते हे तो आडपडदा न ठेवता नोंदवतो.

तरी हा माणूस सगळे सांगत नाही. दारूविषयी अवाक्षर नाही, आणि डिसेंबर १८६२ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या प्रदेशातून ज्यूंना हद्दपार करण्याचा जो हुकूम त्याने काढला, आणि जो लिंकनने रद्द करवला, त्याचाही उल्लेख नाही. पुस्तक युद्धाबरोबर संपते, त्यामुळे अध्यक्षपदाची वर्षे आणि त्यानंतरचा जगप्रवासही त्यात येत नाही. त्या प्रवासात १८७९ च्या फेब्रुवारीत तो मुंबईला उतरला होता. त्याच्या त्या सपाट शैलीत मुंबईची चार पाने मिळाली असती तर बहार आली असती.

ड्र्यू गिल्पिन फाउस्ट यांचे २००८ मधले ‘धिस रिपब्लिक ऑफ सफरिंग’ लढायांविषयी नाही, मृतांविषयी आहे. या युद्धातल्या मृतांचा आकडा फार वर्षे ६ लाख २० हजार मानला जाई. २०११ मध्ये जनगणनेच्या आधारे केलेल्या नव्या गणिताने तो साडेसात लाखांच्या आसपास नेला. एवढी माणसे मेली तेव्हा त्यांची नोंद ठेवायला, घरी कळवायला, पुरायला सरकारकडे कोणतीही व्यवस्था नव्हती. लढाईआधी शिपाई कागदावर नाव लिहून तो कोटाला टाचून घेत. मरताना आप्त जवळ असावेत, शेवटचे शब्द कोणी ऐकावेत, ही त्या काळच्या ख्रिस्ती कुटुंबांची मोठी आस. ती पुरी व्हावी म्हणून सोबती आणि परिचारिका घरच्यांना पत्र लिहून मृत्यू कसा शांतपणे आला हे कळवत, कधी सत्याला मुरड घालूनही. मिसिसिपीच्या एका तरुणाने १८६४ च्या मे महिन्यात खांद्याला जीवघेणी जखम झाल्यावर वडिलांना लिहिलेले, रक्ताचे डाग पडलेले पत्र फाउस्ट यांनी दिले आहे. आपल्या थडग्यावर खूण ठेवतील, म्हणजे कधी घरच्यांना यावेसे वाटले तर सापडेल, असे त्यात आहे. ते थडगे घरच्यांना कधीच सापडले नाही.

युद्धानंतर उत्तरेच्या ३ लाखांहून अधिक सैनिकांचे अवशेष शोधून ७४ राष्ट्रीय दफनभूमींत नेले गेले आणि त्यांतल्या निम्म्याहून थोड्या कमी जणांची ओळख पटलीच नाही. कृष्णवर्णीय सैनिकांना तिथेही वेगळा विभाग मिळाला. आपल्याकडे दहन, दशक्रिया, अस्थी यांचे जे महत्त्व आहे ते जाणणाऱ्याला हे पुस्तक समजायला वेळ लागत नाही. मधली एक-दोन प्रकरणे, विशेषतः त्या काळच्या कवी-लेखकांच्या श्रद्धा-अश्रद्धेवरचे, वर्गातल्या व्याख्यानासारखी झाली आहेत; ती वरवर चाळली तरी चालतील.

राहिला आपल्या दाराशी येणारा धागा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद, बॅक बेची भरणी, शेअरांचे वेड आणि युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये कोसळलेला तो सगळा डोलारा आपण शाळेपासून ऐकतो. प्रेमचंदांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर त्याच पैशाची आठवण आहे. मॅक्फर्सन भारतीय कापसाचा उल्लेख ओझरता करून पुढे जातात. त्यासाठी स्वेन बेकर्ट यांचे २०१४ मधले ‘एम्पायर ऑफ कॉटन’ पाहावे लागते. अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस थांबल्यावर इंग्रज सरकार आणि व्यापारी वऱ्हाडाकडे कसे वळले, आणि रेल्वे, सावकारी व बाजारभाव यांनी तिथल्या शेतकऱ्याला कसे जखडले, हे त्यात येते. खामगावचे नाव एका जागतिक इतिहासाच्या पानावर भेटते तेव्हा वऱ्हाडी वाचक सुखावेल, आणि पुढे वाचून अस्वस्थही होईल. तेजीत सढळ हाताने मिळालेले कर्ज मंदीत गळ्याशी आले आणि १८७५ साली सुप्याला सावकारांच्या वह्या जळल्या, तिथवरचा प्रवास मराठी वाचक स्वतःच पुरा करू शकतो. पुस्तक जाड आहे आणि पुनरुक्ती बरीच आहे. युद्धावरचे आणि त्यानंतरचे अशी दोन-तीन प्रकरणे वाचली तरी काम भागते.

खरेदीविषयी थोडे. मॅक्फर्सन आणि फूट कागदी आवृत्तीतच घ्यावेत. ई-पुस्तकात नकाशे इतके बारीक होतात की नदी कुठली आणि रेल्वे कुठली हे कळत नाही. मॅक्फर्सन यांची मोठी आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अधूनमधून बऱ्या किमतीत मिळते. कणा तपासून घ्यावा, कारण एवढे जाड पुस्तक शिवणीतून लवकर सुटते. ग्रँट आणि क्रेन स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत, मात्र ग्रँटची टिपांसह छापलेली आवृत्ती परवडली तर तीच घ्यावी, कारण त्याने गाळलेल्या गोष्टी टिपांतच सापडतात. सुरुवात ‘ज्युबिली’ने करावी, मग मॅक्फर्सन; शारा आणि फाउस्ट कोणत्याही क्रमाने. फूट यांचे तीन खंड एकदम घेऊ नयेत.